'हळू'साठी इंग्रजी शब्द कोणता?

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून बार्शीत एका मालवाहतूक कार्यालयात हिशेब पाहते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. मुख्य कार्यालयाला रोज इंग्रजीत ईमेल पाठवावे लागतात, म्हणून गेले चार महिने मी इंग्रजी व्याकरणाच्या दोन सराव-पुस्तिका सोडवत आहे. क्रियाविशेषण अधोरेखित करा, गाळलेल्या जागी क्रियाविशेषण भरा, विशेषणाला 'एल-वाय' जोडा, हे सारे मला जमते. वीसपैकी अठरा-एकोणीस उत्तरे बरोबर येतात. स्वतः लिहायला बसले की मात्र चुका होतात. मागच्या आठवड्यात नव्या मदतनिसाचे कौतुक करताना मी 'ही वर्क्स हार्डली' असे लिहिले, तेव्हा साहेबांनी फोन करून त्याच्याबद्दल तक्रार काय आहे, असे विचारले. 'शी एक्सप्लेन्ड व्हेरी गुड', 'प्लीज चेक प्रॉपर', 'आय टुडे मॉर्निंग सेंट द फाइल' ही वाक्येही माझीच. नववीतला मुलगा हसतो. सराव नेमका कसा करावा? आणि घाटातल्या फलकावर 'ड्राइव्ह स्लो' लिहिलेले असते, तिथे 'स्लोली' नको का?
एक वाचक, बार्शी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती तुम्ही सहज लिहून गेला आहात, ती म्हणजे पुस्तिकेतली अठरा-एकोणीस उत्तरे बरोबर येतात. म्हणजे क्रियाविशेषण ओळखणे तुम्हाला चांगले येते. ईमेल लिहिताना मात्र कोणी रिकामी जागा आखून देत नाही, कंसात विशेषणही देत नाही. तिथे असते ते मनात आधीच तयार झालेले मराठी वाक्य. त्या वाक्याचे इंग्रजी करताना तुम्ही चुकता, आणि नेमका तेवढाच सराव दोन्ही पुस्तिकांनी तुमच्याकडून करून घेतलेला नाही. म्हणून तिसरी पुस्तिका विकत घेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या, डाव्या पानावर दिवसभरात स्वतः बोललेले किंवा ऐकलेले मराठी वाक्य लिहा आणि उजव्या पानावर त्याचे इंग्रजी करा. या सदरात इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली जातात. वहीत ती अर्थातच रोमन लिपीत लिहा.

आता तुमच्या चुकांकडे वळू. 'एक्सप्लेन्ड व्हेरी गुड' आणि 'चेक प्रॉपर' या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे आणि ते आपल्या मराठीत आहे. 'चांगला मुलगा' यातला 'चांगला' विशेषण आहे. 'तो चांगला गातो' यात तोच शब्द क्रियेबद्दल सांगतो, तरी त्याचे रूप बदलत नाही. उलट तो शब्द कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे वळतो : ती चांगली गाते, ते चांगले गातात. आपल्या व्याकरणकारांनी म्हणूनच अशा शब्दांना सविकारी क्रियाविशेषणे म्हटले आणि 'लवकर', 'सावकाश' यांसारख्या न बदलणाऱ्या शब्दांसाठी क्रियाविशेषण अव्यय हे नाव ठेवले. ज्याच्या कानाला जन्मापासून 'चांगला' दोन्ही कामे करताना ऐकण्याची सवय आहे, त्याला 'गुड'चे 'वेल' करण्याची गरज आतून जाणवत नाही. 'स्पष्ट बोल', 'व्यवस्थित तपास', 'स्वच्छ धू', 'बरोबर लिही' या सगळ्या वाक्यांत मराठीने कोणताही प्रत्यय मागितलेला नाही, आणि 'स्पीक क्लिअर', 'चेक प्रॉपर', 'राइट करेक्ट' अशा चुका तिथेच होतात. याउलट जिथे मराठी स्वतःच 'ने', 'पणे' किंवा 'पूर्वक' लावते, म्हणजे मोठ्याने, शांतपणे, काळजीपूर्वक, तिथे तुम्ही 'लाउडली', 'क्वायटली', 'केअरफुली' बिनचूक लिहिता. तुमच्या पत्रासोबतचे चारही ईमेल मी या नजरेने वाचले. 'केअरफुली' तीन वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा बरोबर आहे.

यावरून पहिल्या पंधरवड्याचा सराव ठरतो. डाव्या पानावर फक्त अशीच वाक्ये लिहा ज्यांत मराठी शब्द विशेषणासारखाच दिसतो पण क्रियेबद्दल बोलतो. रोज पाच पुरेत. 'चालकाने पत्ता बरोबर सांगितला', 'पावतीवर सही नीट केली नाही', 'तिने हिशेब छान समजावला' अशी तुमच्या टेबलावरचीच वाक्ये घ्या. उजव्या पानावर 'करेक्टली', 'प्रॉपरली', 'वेल' लिहिताना हात क्षणभर अडखळेल. तो अडखळणे थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.

'हार्डली'ची गोष्ट वेगळी आहे, आणि त्या चुकीबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही, कारण तुम्ही पुस्तिकेतला नियम तंतोतंत पाळलात. जुन्या इंग्रजीत विशेषणाचे क्रियाविशेषण करण्यासाठी शेवटी एक ऱ्हस्व स्वर जोडत असत. पुढे तो उच्चारातून गळून गेला आणि 'हार्ड', 'फास्ट' हे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून एकाच रूपात उरले. 'एल-वाय' हा प्रत्यय ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ शरीर किंवा रूप असा होता. तो प्रत्यय 'हार्ड'लाही लागला, पण त्या नव्या शब्दाने कालांतराने 'जेमतेम, क्वचितच, जवळजवळ नाहीच' असा अर्थ घेतला. त्यामुळे तुमच्या साहेबांनी वाचले ते असे : हा मुलगा काम करतच नाही म्हटले तरी चालेल. तुम्हाला लिहायचे होते 'ही वर्क्स हार्ड'. अशा जोड्या थोड्याच आहेत. 'लेट' म्हणजे उशिरा आणि 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नियर' म्हणजे जवळ आणि 'निअरली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' म्हणजे उंच आणि 'हायली' म्हणजे अत्यंत. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात. 'ही हॅज बीन कमिंग लेट लेटली' हे वाक्य पाठ करून ठेवा, म्हणजे 'अलीकडे तो उशिरा येतो आहे'. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आल्याने त्यांची गल्लत होत नाही. 'हार्डली' स्वतःच नकारार्थी असल्यामुळे त्याच्याजवळ 'नॉट' येत नाही, हेही लक्षात असू द्या. आपण 'तो कधीच येत नाही' असे दुहेरी बोलतो, इंग्रजी 'ही नेव्हर कम्स' एवढ्यावर थांबते.

याच्या उलट बाजूचे शब्दही आहेत, ज्यांच्या शेवटी 'एल-वाय' असूनही ते विशेषणेच असतात : 'फ्रेंडली', 'लोन्ली', 'कॉस्टली'. 'ही स्पोक फ्रेंडली' न लिहिता 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' असे लिहावे. याहून अधिक वेळ त्यांना देऊ नका.

ज्या ठिकाणी वेळ द्यायचा ते ठिकाण मला गेल्या रविवारी भावाच्या घरी पुन्हा दिसले. नातू नुकताच झोपला होता. दारात पाऊल टाकताच वहिनी म्हणाल्या, "हळू बोला, आत्ताच झोपलाय." मागून सुनेने फळीवर बरणी ठेवली, तशा म्हणाल्या, "हळू ठेव, काचेची आहे." मग पंखा हळू करायला सांगितला, आणि निघताना मला बजावले, "गाडी हळू चालवा, रस्ता ओला आहे." पाऊण तासात चार वेळा 'हळू', आणि इंग्रजीत चारही वेळा निराळी सोय करावी लागते. पहिल्या वाक्यात आवाज लहान हवा आहे, म्हणून 'स्पीक सॉफ्टली'; तिथे 'स्पीक स्लोली' म्हटले तर ऐकणारा एकेक शब्द तोडून बोलेल आणि बाळ उठेल. दुसऱ्यात 'पुट इट डाउन जेन्टली'. तिसऱ्यात क्रियाविशेषण बदलून भागत नाही, 'टर्न द फॅन डाउन' असे म्हणतात. 'स्लोली' लागू पडते ते फक्त चौथ्या वाक्यात. पंगतीत आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, त्याचे तर शब्दशः काहीच होत नाही. 'ईट स्लोली' हा वैद्यांचा सल्ला वाटेल, यजमानाचा आग्रह नव्हे. 'प्लीज टेक युअर टाइम' त्यातल्या त्यात जवळचे.

हे मी विस्ताराने लिहितो आहे, कारण पुस्तिकांत 'हळू' म्हणजे 'स्लोली' अशी जोडी छापलेली असते आणि ती पाठ झाली की विचार करायचे राहून जाते. दुसरा असाच शब्द 'जोरात'. जोरात बोलणे 'लाउडली', जोरात पळणे 'फास्ट', दार जोरात ढकलणे 'हार्ड', आणि जोरात पाऊस पडणे 'हेविली'. तिसरा शब्द 'अजून', आणि तुमच्या कामात तो सर्वांत जास्त येत असणार. 'ट्रक अजून आला नाही' याला 'द ट्रक हॅज नॉट कम येट', 'ट्रक अजून गोदामातच आहे' याला 'द ट्रक इज स्टिल इन द गोडाउन', आणि 'अजून दोन ट्रक लागतील' याला 'टू मोअर ट्रक्स'. चौथा 'खूप'. 'खूप आनंद झाला' हे सांगताना आपल्याकडे सर्रास 'आय ॲम टू हॅपी' लिहितात. 'टू'मध्ये 'जास्तच, नको तितके' अशी छटा आहे, म्हणून तिथे 'व्हेरी' हवे. एका आठवड्याला एकच मराठी शब्द घ्या. तो दिवसभरात जिथे जिथे कानावर पडेल तिथे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, आणि रात्री वहीत लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा की इथे या शब्दाने नेमके काय सांगितले : आवाज, वेग, ताकद की काळजी. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडून क्रियापद पाहा, क्रियाविशेषण नव्हे. 'रेन' या शब्दाखालच्या उदाहरणांत 'हेविली' सापडते, 'स्लीप'खाली गाढ झोपेसाठी 'साउंडली' सापडते. कोणत्या क्रियापदाशी कोणते क्रियाविशेषण नांदते हे असे जोडीनेच शिकावे लागते.

काही वेळा क्रियाविशेषण मुळी लागतच नाही. मराठीचे वैभव आहे ते पटकन, खाडकन, धाडकन, लगबगीने, मुकाट्याने अशा शब्दांत. आपण साधे क्रियापद घेऊन त्याला असा शब्द लावतो आणि चित्र उभे करतो. इंग्रजी बहुतेक वेळा तेच चित्र क्रियापदातच भरून ठेवते. 'दार धाडकन लावले' याचे 'क्लोज्ड द डोअर व्हेरी लाउडली' हे चुकीचे नाही, पण इंग्रज ते 'स्लॅम्ड द डोअर' असे तीन शब्दांत आटोपतो. दबक्या आवाजात बोलणे म्हणजे 'व्हिस्पर', लंगडत चालणे म्हणजे 'लिम्प', लगबगीने जाणे म्हणजे 'हरी'. आधीचा सराव पक्का झाल्यावरच इकडे वळा; सुरुवातीलाच वळलात तर गोंधळ उडेल.

मराठी नेहमीच आडवी येते असे मात्र समजू नका. 'लुक', 'टेस्ट', 'स्मेल', 'फील' या क्रियापदांनंतर कधी विशेषण येते आणि कधी क्रियाविशेषण, इथे पुस्तिका पाने खर्ची घालतात. मराठीत मुळात क्रियापदेच दोन आहेत. 'तो रागावलेला दिसला' म्हणजे 'ही लुक्ड अँग्री', आणि 'त्याने रागाने पाहिले' म्हणजे 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी'. आंबा गोड लागतो, म्हणून 'टेस्ट्स स्वीट'. आमटीची चव जपून घेतली, म्हणून 'टेस्टेड केअरफुली'. मराठीत दिसणे, लागणे, वाटणे किंवा वास येणे असेल तिथे 'एल-वाय' लावू नका. पाहणे किंवा चव घेणे असेल तिथे लावा. 'एल-वाय' पाठ करून आलेली माणसे 'द मँगो टेस्ट्स स्वीटली' असे लिहितात, तेव्हा आंबाच कोणाची तरी चव घेतो आहे असे वाटते.

आता तुमचे 'आय टुडे मॉर्निंग सेंट द फाइल' घेऊ. यात दोन गोष्टी आहेत. आज सकाळी याला इंग्रजीत 'धिस मॉर्निंग' म्हणतात आणि काल रात्री याला 'लास्ट नाइट'. 'काल सकाळी' मात्र 'येस्टरडे मॉर्निंग'च राहते. याला कारण नाही, रूढी आहे, तेव्हा या एका बाबतीत तुमचा मुलगा बरोबर आहे. दुसरी गोष्ट जागेची. 'चालकाने काल गोदामात पेट्या काळजीपूर्वक उतरवल्या' हे वाक्य पाहा. क्रियापद शेवटी आहे आणि त्याच्याआधी क्रमाने केव्हा, कुठे, कसे हे शब्द येतात. इंग्रजीत हाच क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटतो : 'द ड्रायव्हर अनलोडेड द बॉक्सेस केअरफुली ॲट द गोडाउन येस्टरडे', म्हणजे क्रियापद आणि कर्म आधी, मग कसे, मग कुठे, मग केव्हा. वहीत अशी वाक्ये लिहिताना मराठी वाक्यातल्या या शब्दांना उलट क्रमाने आकडे द्या आणि त्या आकड्यांप्रमाणे इंग्रजी वाक्य रचा. आठ-दहा दिवसांत आकडे घालण्याची गरज उरत नाही. 'काल' किंवा 'आज सकाळी' अगदी सुरुवातीला आणले तरी चालते, मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये ते घुसवू नका. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये तर 'ओन्ली'सारखा अपवाद सोडून कोणतेच क्रियाविशेषण नको, म्हणून 'चेक्ड केअरफुली द बिल' चुकीचे. जाणे-येणे यांसारख्या क्रियापदांनंतर ठिकाण आधी येते : 'ही वेंट टू सोलापूर बाय बस येस्टरडे'.

'नेहमी', 'क्वचित', 'सहसा' हे शब्द या आरशात बसत नाहीत. ते मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण 'इज', 'आर', 'वॉज' असल्यास त्यांच्या नंतर : 'शी ऑल्वेज कम्स अर्ली', परंतु 'शी इज ऑल्वेज अर्ली'. 'रोज' मात्र शेवटी जाते, म्हणून 'ही डेली कम्स लेट' ऐवजी 'ही कम्स लेट एव्हरी डे'.

आणखी एक शब्द तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या चारही ईमेलमध्ये तो आहे : 'ओन्ली'. 'मी कालच पाठवले' याचे तुम्ही 'आय सेंट इट येस्टरडे ओन्ली' केले आहे. आपला 'च' शब्दाच्या शेवटी चिकटतो, म्हणून 'ओन्ली'ही मागे जाऊन बसतो. मराठीत 'च' ज्या शब्दाला लागतो त्याच्या आधी 'ओन्ली' ठेवा, एवढे बहुतेक वेळा पुरते. 'त्यानेच बिलावर सही केली' म्हणजे 'ओन्ली ही साइन्ड द बिल'; 'त्याने बिलावर सहीच केली', म्हणजे तपासले नाही, तर 'ही ओन्ली साइन्ड द बिल'; 'त्याने बिलावरच सही केली', पावतीवर नाही, तर 'ही साइन्ड ओन्ली द बिल'. हिशेबाच्या कामात या तीन वाक्यांतला फरक पैशांत मोजला जातो. 'तो इथेच राहतो' यातला 'च' मात्र 'ओन्ली'ने निघत नाही. तिथे 'राइट हिअर' म्हणावे.

दहावी-बारावीला घोकलेले 'नो सूनर... दॅन' आणि 'टू' काढून 'सो... दॅट' घालण्याचे प्रकार पुन्हा उकरून काढू नका. ते परीक्षेतल्या गुणांसाठी ठीक होते. ट्रक पोहोचताच माल उतरवला, हे कळवायला 'ॲज सून ॲज' पुरते.

मुलाला या कामात घ्या, पण तपासनीस म्हणून नको. रात्री त्याने डाव्या पानावरचे वाक्य मोठ्याने वाचावे आणि तुम्ही वही न पाहता इंग्रजीत सांगावे. दर चार दिवसांनी भूमिका बदला. 'हळू ठेव'चे इंग्रजी त्यालाही पहिल्या फटक्यात येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

राहिला घाटातला फलक. 'स्लो' हा शब्द इंग्रजीत शेकडो वर्षांपासून क्रियाविशेषण म्हणूनही वापरला जातो आणि शब्दकोशांत त्याची तशी नोंद आहे, त्यामुळे 'ड्राइव्ह स्लो' चुकीचे नाही. फक्त तो क्रियापदाच्या नंतरच येतो, आणि तोही चालणे, जाणे, वाहन चालवणे अशा मोजक्या क्रियापदांबरोबर. 'त्याने हळूहळू दार उघडले' यासाठी 'ही स्लो ओपन्ड द डोअर' म्हणता येत नाही, तिथे 'स्लोली'च हवे. ईमेलमध्ये तुम्ही सगळीकडे 'स्लोली' लिहिले तर कोणी चूक काढणार नाही. वळणावरचा फलक एका दृष्टिक्षेपात वाचून व्हावा लागतो, म्हणून तिथे आखूड शब्द घेतला आहे.